हुबेहूब सही

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची बायको हमी कार्यालयाच्या बाकावर नवऱ्याला खेटून बसली होती. तशी ती दाराची बेल वाजली तरी दचकणारी. आज मात्र घाबरायला सबळ कारण होतं. दाव्याच्या अर्जावरची नवऱ्याची सही तिने केली होती.

छापखान्यातल्या कटिंग मशीनखाली नवऱ्याचा उजवा हात चिरडला आणि महिन्याभरात त्याची परराज्यातली विमा कंपनी बुडाली. बुडालेल्या कंपनीवरचे दावे आता हे कार्यालय घेत होतं, तेही आजच्या दिवसापर्यंतच. दावा मंजूर झाला तरच हाताचं दुसरं ऑपरेशन होणार होतं. अर्जावर छापलं होतं, ‘पॉलिसीवर आहे तशीच सही करावी.’ नवऱ्याला पेन धरवेना, म्हणून बाईसाहेबांनी आठवडाभर वहीत त्याची सही गिरवली आणि त्याला पत्ता लागू न देता अर्जावर ठोकून दिली.

दावे तपासणाऱ्या साहेबांनी पॉलिसीवरची आणि अर्जावरची अशा दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या. “हुबेहूब जुळतेय.”

तिला हायसं वाटलं.

“पण डॉक्टरांचा दाखला म्हणतो, यांना पेन धरता येत नाही. मग ही सही काय आकाशातून पडली? दाखला खोटा दिसतोय. दावा फेटाळावा लागेल.”

नवरा आ वासून बायकोकडे बघत राहिला. खरं सांगावं तर पोलीस, कोठडी, चारचौघांत शोभा. गप्प बसावं तर ह्यांचा हात जातो. तिला रडूच फुटलं.

“साहेब, सही मी केली. ह्यांना काही माहीत नाही. पकडायचं तर मला पकडा, पण ह्यांचा हात वाचवा.”

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. “करून दाखवा.”

तिने पेन टेकवलं, पण हात असा लटपटू लागला की पहिलं अक्षरही उमटेना.

“राहू दे गं,” म्हणत नवऱ्याने आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. एकही हललं नाही.

साहेबांनी तो हात उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी जुना अर्ज फाडून टोपलीत टाकला, नवा काढला आणि शाईचा पॅड उघडला.

“डाव्या हाताचा अंगठा चालतो. नियमच आहे तसा. आधी विचारायला काय झालं होतं?”

नवऱ्याचा अंगठा उमटला.

“आता साक्षीदार म्हणून तुमची सही करा, बाई. स्वतःची हं.”

तिने पेन उचललं. स्वतःची सही कशी करायची, ते तिला काही केल्या आठवेना.