करंगळीला लागलं होतं

"नळ जायची वेळ झाली आणि हिचा हंडा काय भरेना!" राधाबाई पुटपुटल्या, पण बकुळाला नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं. "नवऱ्यासारखीच बाय. आपलं खरं करायचं आणि चाळीला खोळंबवायचं."

बकुळाने अर्धाच हंडा कमरेवर घेतला. टोमणा पाण्याचा नव्हता. राधाबाई चाळीच्या हुतूतू संघाच्या कप्तानाची, रामदासची, आई, आणि होळीपासून लालबागच्या त्या चाळीत बकुळाच्या नवऱ्याशी, बाबुरावशी, कुणी धड बोललं नव्हतं.

होळीला हुतूतूची फायनल होती. गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली. बाबुराव आणि कप्तान रामदास कोपऱ्यात एकमेकांचा हात घट्ट धरून उभे. समोरचा गडी हात मारून परत फिरला. पंचांनी कुणाला बाद दिलं नाही, चाळीचा जीव भांड्यात पडला, आणि बाबुरावने मुकाट्याने हात वर केला. करंगळीला लागलं म्हणे! ज्याला लागलं त्याने आपणहून बाहेर जायचं, ही त्यांच्या वस्तादाची शिकवण. पण वस्ताद कधीच वारले होते, आणि ढाल चिंचपोकळीवाल्यांनी नेली. चाळीने एकमताने ठरवून टाकलं की लागलं नव्हतंच, याला भास झाला. रामदास त्यावर हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. फक्त बाबुरावशी बोलायचा थांबला.

आणि आता हे. काल संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर नाक्यावर लाठी चालली, कुठूनशी सोड्याची बाटली आली आणि एका हवालदाराचं डोकं फुटलं. कुठून आली ते चाळीला माहीत होतं. नाव मात्र दार लावूनही कुणी घेत नव्हतं.

सकाळी चहा देताना बकुळाने विचारलं होतं, "अहो, पोलिसांनी तुम्हाला विचारलं तर?"

"विचारू दे तर आधी," म्हणून तो बशीत फुंकर घालत बसला.

आमटी खारट झाली तरी 'बरी झालीय' म्हणणं या माणसाला कधी साधलेलं नव्हतं.

हंडा ठेवते न ठेवते तोच लॉरी आली. पुरुषांना अंगणात उभं केलं. बायका गॅलरीला चिकटल्या. इन्स्पेक्टर ओळीवरून चालत बाबुरावपाशी थबकला.

"तुम्हीच ना ते? फायनलला हात वर केलेले? बंदोबस्ताला मीच होतो. म्हटलं, असाही माणूस असतो." त्याने आवाज उतरवला. "काल नाक्यावर होतात?"

"होतो."

"बाटली कुणी मारली, पाहिलंत?"

"पाहिलं."

राधाबाईंनी बकुळाचा दंड धरला. नखं रुतली. बकुळाने हात सोडवून घेतला नाही.

"नाव सांगा."

बाबुराव म्हणाला, "साहेब, आमच्या खेळात आपल्याला लागलं तर आपण हात वर करतो. दुसऱ्याचा हात आपण वर करत नाय."

"हा खेळ नाही!"

"मला तेवढंच येतं, साहेब."

"मग चला. आत बसलात की आठवेल."

बाबुरावने चपला पायात सरकवल्या आणि निघाला. मैदानातून निघाला होता तसाच, ना घाईने, ना मान खाली घालून. त्याची गिरणीतली नोकरी आज संपली, हे बकुळाला कळत होतं. एकदा लेकाकडे, एकदा बकुळाकडे बघितलं राधाबाईंनी.

बाबुरावचा पाय लॉरीच्या पायरीवर पडला.

"बाबू, थांब."

रामदासचा हात वर गेला होता. पुरता नाही, कानाइतकाच. सवय नव्हती त्याला.

"साहेब, बाटली माझी. त्याला सोडा."

दोन शिपायांनी त्याला धरलं. लॉरीपाशी तो बाबुरावच्या शेजारी थांबला. त्याच्याकडे बघितलं नाही, पण वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलला.

"आन फायनलला तुझ्या करंगळीला लागलं व्हतं रे. तुझा हात माझ्याच मुठीत व्हता. मला तवाच कळलं व्हतं."