मेलेल्या कंपनीचा शिक्का

मी शिक्का बोलतोय. पण माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कोणावर ठेवत नाही. माझी अक्षरंच उलटी. कागदावर काय लिहिलंय ते मला कोणी वाचू देत नाही. उपडा धरतात, शाईच्या गादीवर टेकवतात आणि दाबतात. जन्मभर असा तोंड दाबून होकार द्यावा लागला की स्वभाव संशयी होतोच.

बोईसर स्टेशनाबाहेरच्या एका टपरीवजा दुकानात मी तयार झालो. वर लाकडी मूठ, खाली रबर, रबरावर दोन ओळी: 'केवडाबन कलर्स प्रायव्हेट लिमिटेड' आणि तिच्याखाली 'संचालक'. शिरगावच्या विश्राम सावे यांनी मला कोऱ्या कागदावर उमटवून पाहिलं आणि शेजारी उभ्या विजयाबाईंना, आपल्या बायकोला, म्हणाले, "आता आपण मेलो तरी ही कंपनी राहील. कायद्याच्या लेखी ती वेगळं माणूस असते."

म्हणजे माझी मालकीण ती कंपनी. तिला ना हात, ना तोंड. तिच्या वतीने बोलायला मी.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तिचा छोटा कारखाना होता. कापडाचे रंग बनायचे. रंग कालवायला सुका नावाचा कामगार होता. जव्हारकडच्या डोंगरातून भातकापणी झाली की कामाला यायचा, पुढे बायकोला, बायडीला, घेऊन इथेच राहिला. त्याची थुंकी कधी निळी असे, कधी तांबडी. बारा-तेरा वर्षांत त्याची छाती कामातून गेली. तेव्हा विश्रामशेठनी बेटेगावला, कंपनीच्या नावावरच्या जागेत, त्याला एक खोली बांधून दिली. "तू नि बायडी आहात तोवर इथंच राहा," म्हणाले.

मी टेबलावरच होतो. मला कोणी उचललं नाही. मनात आलं, एवढी मोठी गोष्ट नुसती तोंडी? कागद का नाही?

पुढे शेठच्या अंगात त्राण उरलं नाही. त्यांनी स्वतः अर्ज करून कंपनी बंद केली. अर्जावर तीन संचालकांच्या सह्या झाल्या: शेठ, विजयाबाई आणि नुकताच संचालक झालेला त्यांचा मुलगा चिराग. तिन्ही सह्यांखाली मी उमटलो. काही महिन्यांनी सरकारच्या नोंदवहीतून कंपनीचं नाव खोडलं गेलं. माझी मालकीण मेली. कोणी रडलं नाही. बेटेगावची जागा तेवढी तिच्या नावावर तशीच राहून गेली. "सवडीने करू," शेठ म्हणत होते. सवड आली नाही, त्यांचं मरण आलं.

विजयाबाईंनी मला शेठच्या चष्म्याशेजारी, देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. बरं वाटलं. मेलेल्याच्या शिक्क्याला यापेक्षा चांगली जागा कुठली?

तीन वर्षांनी एका दुपारी खण उघडला. हात विजयाबाईंचा नव्हता. चिरागने मला खिशात टाकलं आणि मग दारामागच्या खुंटीला टांगलेल्या आपल्या बॅगेत. आई घरात नाही हे त्याने आधी दोनदा हाक मारून पाहून घेतलं होतं. स्वतःच्या घरात कोणी असं करतो?

दुसऱ्या दिवशी पालघरला, एका वकिलाच्या टेबलावर, मला वकीलपत्रावर आणि दाव्याच्या पानांवर दाबलं गेलं. शाई सुकेपर्यंत बोलणं कानावर पडलं. बेटेगावच्या जागेला एक गोडाऊनवाला गिऱ्हाईक होता. त्याला ती मोकळी हवी होती. म्हणून 'केवडाबन कलर्स' सुका आणि बायडीवर दावा लावत होती: यांनी आमच्या जागेत घुसखोरी केली आहे, यांना बाहेर काढा.

वकिलाने विचारलं, "कंपनी चालू आहे ना?"

"कागदोपत्री आहे," चिराग म्हणाला.

कागदोपत्रीच तर ती नव्हती! पण मला कोण विचारतो?

आठवडाभराने विजयाबाईंना खणात मी दिसलो नाही. सकाळची वेळ. घरापुढच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायला पाच-सहा बायका आल्या होत्या. त्यांत बायडी. सुकाला काम होत नसे, घर तिच्या खुडणीवर चाले. आदल्या दिवशी ती पाणी प्यायला घरात येऊन गेली होती. विजयाबाई पायरीवर उभ्या राहून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बायडी, देवाखालचा खण कोणी उघडला? घरात तूच आली होतीस."

बायडीने टोपली जमिनीवर उपडी केली. कळ्यांचा ढीग पडला. मग लुगड्याचा ओचा झाडून दाखवला. "बघा काकी. हाय काय तुमचं?"

"इथं कशाला ठेवशील? गेलं असेल घरी."

मी दारामागच्या बॅगेत, चार हातांवर. सगळं ऐकत होतो. बायडी निघून गेली आणि पुन्हा आली नाही. बायका आपापसात कुजबुजू लागल्या. विजयाबाईंनी खणाला कुलूप घातलं.

महिन्याभराने बायडी आली ती हातात कागद घेऊन. कोर्टाचा माणूस बेटेगावला येऊन समन्स देऊन गेला होता. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"काकी, आमच्यावर केस कशापायी केली? शेठ बोलले होते, इथंच रावा. आता आमाला चोर ठरवून हाकलता?"

"कसली केस? मी नाही केली." विजयाबाईंनी कागद घेतले, चष्मा लावला. शेवटच्या पानावर मी होतो, निळा, ठसठशीत. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं. "हा तर आपलाच शिक्का."

"तुमीच मारला ना?"

"मी नाही मारला, बायडी."

"मंग मी बी नाय चोरला."

विजयाबाईंचा चेहरा उतरला. शिक्क्याखालची सही त्यांनी ओळखली होती. लहानपणी हात धरून त्यांनीच ती अक्षरं गिरवून घेतली होती. त्या उठल्या, दारामागची बॅग खाली घेतली आणि चेन उघडली.

चिराग घरी आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर होतो.

"आई, हे तुझ्यासाठीच करतोय. ती जागा आपली आहे."

"कंपनीची होती. कंपनी बंद केली तेव्हा अर्जावर तुझी सही नव्हती?"

"ती परत चालू करता येते. त्याला वेगळ्या कोर्टात जावं लागतं, वेळ लागतो."

"आणि मला सांगावं लागतं," विजयाबाई म्हणाल्या.

त्यांनी मला उचलून त्याच्या हातात दिलं. "ठेव. कोर्टात विचारतील तेव्हा दाखव."

मला वाटलं, बाई नमल्या. शेवटी पोटचा पोर. गोडाऊनवाल्याकडून येईल त्यात वाटा त्यांचाही होताच. पण दुसऱ्या दिवशी त्या पालघरची बस धरून सुका-बायडीच्या वकिलाकडे गेल्या. हेमांगी नावाची तरुण वकील, सरकारच्या मोफत मदतीतून मिळालेली. हे मला चिरागच्या फोनवरच्या ओरडण्यावरून कळलं.

कोर्टात मी चिरागच्या शर्टाच्या खिशात होतो. त्याचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते फक्त मला माहीत. हेमांगीने कंपन्यांच्या सरकारी नोंदीचा उतारा न्यायाधीशांपुढे ठेवला. मग विजयाबाई उभ्या राहिल्या.

"कंपनी आम्हीच बंद केली, साहेब. मी, माझे मालक आणि हा माझा मुलगा, तिघांनी सह्या केल्या. मालकांनी सुकाला खोली दिली तेव्हा मी तिथं होते. हे लोक घुसलेले नाहीत."

चिरागचा वकील म्हणाला, "कंपनी पुन्हा नोंदीवर आणता येते, साहेब. कायद्यात तशी सोय आहे."

"मग आधी आणा," न्यायाधीश म्हणाले. "दावा लावला त्या दिवशी कंपनी अस्तित्वात होती का? शिक्का कोणाकडे आहे?"

चिरागने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. मागच्या बाकावर सुका खोकत होता.

पुढच्या तारखेला निकाल आला. जी कंपनी नाहीच, तिच्या नावाने दावा चालत नाही. दावा फेटाळला.

पायऱ्यांवर सुकाने हेमांगीला विचारलं, "मंग उद्या तिला जिती केली तर?"

"तर पुन्हा लढावं लागेल. आज खोली वाचली आहे, जागा तुमची झालेली नाही. पण शेठ काय बोलले होते ते आता कोर्टाच्या कागदावर आलंय."

सुकाने मान हलवली. त्याचाही कोणावर पुरता विश्वास नव्हता. मला तो माणूस पटला.

विजयाबाईंनी मुलापुढे हात पसरला. "शिक्का दे." त्याने दिला. चिराग आता बोईसरला भाड्याच्या खोलीत राहतो. रविवारी फोन करतो. फोन वाजला की बाई दोनदा वाजू देतात, मग उचलतात.

काल त्यांनी बायडीला निरोप धाडून बोलावलं. स्वयंपाकघरात विळी मांडली होती. "तुझ्यासमोर कापते," त्या म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा कोणी हा वापरायला नको." आणि त्यांनी माझं रबर पात्यावर धरलं. 'केवडाबन' गेलं. 'कलर्स'मधला 'क' गेला. मला दुखलं नाही. हलकं वाटू लागलं.

बायडी दारातच उभी होती. म्हणाली, "काकी, त्याला कशाला कापता? तो कुटं काय बोलला? चोर तर तुमी बोलल्या."

विजयाबाईंचा हात थांबला.

"आनि घरात नाय बोलल्या. पायरीवरून बोलल्या. सगळ्या ऐकत होत्या."

वाडीत बायका कळ्या खुडत होत्या. त्यांचं बोलणं खिडकीतून येत होतं. विजयाबाईंनी मला विळीच्या पाटावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि उठल्या. दारातून जाताना बायडीच्या खांद्याला हात लावू की नको, असं झालं त्यांना. लावला नाही. पायरीवर जाऊन त्यांनी एकेकीला नावाने हाक मारली, "इकडे या गं सगळ्या. मला काही सांगायचंय."

बायका बोलत बोलत जवळ आल्या. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. बायडीला आलं असावं, कारण ती बाहेर त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

मी अजून इथेच आहे, पाटावर, अर्धामुर्धा. खालची ओळ शाबूत आहे: 'संचालक'. कशाचा, ते आता कोणालाच कळणार नाही; पण लबाड हाताला तेवढंही पुरतं. म्हणून बाई, बाहेरचं बोलणं संपलं की या. विळी मांडलेलीच आहे. उरलेलं कापून टाका.