कोऱ्या दिवसांची वही

चौदा वर्षं मोंजिया ओहोटीला आखाताच्या पाण्याचं तापमान मोजत होती. सफाक्स शहरातून आलेल्या इनास नावाच्या संशोधक मुलीने तिला थर्मामीटर दिला, तो वाळूपासून वीतभर वर कसा धरायचा ते शिकवलं, आणि एक वही दिली. मोंजिया तिसऱ्या, म्हणजे वाळूत राहणाऱ्या शिंपल्या, काढणारी. वाळूत दोन बारीक भोकं शेजारीशेजारी दिसली की खाली तिसरी आहे, हे तिला चालता चालता कळायचं. चार वर्षांपासून ती भोकं दिसेनाशी झाली. विळ्याने उकरलं तर नुसत्या रिकाम्या शिंपा निघत.

राजधानीतून समिती आली. तिसऱ्या पाण्याच्या उष्णतेने मेल्या, की बायकांनी ओरबाडून संपवल्या, एवढंच समितीला ठरवायचं होतं. उष्णतेने, असं ठरलं तर गावातल्या साठ बायकांना भरपाई. नाहीतर किनारा त्यांना कायमचा बंद.

सभा शाळेत भरली. व्यापाऱ्यांचा म्होरक्या लज़हर आधी बोलला. समुद्र तापलेला नाही, आजोबांच्या वेळीही उन्हाळे होतेच, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, तापला असेल, पण थोडासाच. शेवटी म्हणाला, खूप तापला तरी ते देवाचं काम, माणसाच्या हातात काय आहे. तिन्ही गोष्टी एकमेकींना खोटं पाडत होत्या. पुरुषांनी तिन्हींना माना डोलावल्या.

मग इनासने आलेख दाखवला. चौदा उन्हाळ्यांत रेघ जवळजवळ दोन अंश चढली होती. समितीचे अध्यक्ष मोंजियाची वही चाळू लागले. लज़हर त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होता.

"मोंजिया मावशी," तो हसून म्हणाला, "दर महिन्याला चार-पाच दिवस कोरे आहेत. तेव्हा काय समुद्र माहेरी जायचा?"

सगळे हसले. त्या कोऱ्या जागांनी रेघ बदलत नाही, असं इनास घाईघाईने समजावू लागली. मागून शादलिया पुटपुटली, थर्मामीटर बिघडला होता म्हण. शादलिया तीस वर्षं मोंजियाच्या बरोबरीने वाळू उकरत आलेली.

तसं म्हणता आलं असतं. पण एक नोंद खोटी सांगितली की बाकीच्यांवर कोणी का विश्वास ठेवावा? त्या गावात पाळीच्या दिवसांत बायका पाण्यात पाय घालत नसत. घातला तर तिसऱ्या आंधळ्या होऊन मरतात, असं मोंजियाची आई सांगायची. मोंजियाला ते पटत नव्हतं, पण दारात सासू बसलेली असायची. पुरुषांसमोर हे कोणी कधी बोललं नव्हतं.

"ते माझे पाण्याबाहेर राहायचे दिवस," ती म्हणाली. "बायकांचे."

बायकांनी ओढण्या तोंडावर ओढल्या. अध्यक्ष पेनाकडे पाहत राहिले. लज़हरने मात्र हात लांबवून शेवटची पानं उलटली.

"गेल्या चार वर्षांत एकही दिवस कोरा नाही."

"वय झालं माझं."

"म्हणजे तू ते दिवस पाळत होतीस तोवर तिसऱ्या होत्या. रोज उतरायला लागलीस आणि मेल्या." तो अध्यक्षांकडे वळला. "साहेब, हे मी नाही म्हणत. तिची वही म्हणते."

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीने दुसरी होत नाही, हे मोंजियाने शांतपणे सांगितलं. तसं असेल तर माझ्या पांढऱ्या केसांनीही तिसऱ्या मारल्या, असंही म्हणाली. मान फक्त इनासने डोलावली. अध्यक्षांनी मजकूर लिहून घ्यायला लावला: नोंदी खंडित, बायकांच्या हातून हानी झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, किनारा बंद. उष्णतेला दोषी धरायला चौदा वर्षांचा पुरावा पुरला नव्हता. बायकांना एक वाक्य पुरलं.

परतताना शादलिया मोंजियाजवळ सरकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांग. हल्लीच्या पोरी ते दिवस पाळत नव्हत्या ना?"

"तिसऱ्या मेल्या तेव्हा पाणी तेहतीस अंश होतं, शादलिया. तू माझ्याशेजारी उभी होतीस. पाय भाजतात म्हणून तूच बाहेर आलीस."

"पाण्याचं काय गं, ते गरम होतंच. पण जमिलाच्या सुनेला त्या दिवसांत पाण्यात उतरताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

पुढे दोघी-दोघी, तिघी-तिघी बायका चालल्या होत्या. त्यांच्या कुजबुजीतही तेच नाव होतं. जमिलाची सून रस्त्याच्या कडेने एकटीच चालत होती, आणि तिच्याशेजारून पुढे जाताना प्रत्येक बाई थोडं अंतर सोडत होती.