अल्बममधला मुलगा

ग्रंथपालबाईंनी वाचनालयातल्या कार्यक्रमांचे फोटो इंटरनेटवरच्या एका अल्बममध्ये टाकले होते. कुणीही बघावेत, उतरवून घ्यावेत. त्याच फोटोंवर त्या शनिवारी वर्गही घ्यायच्या: हाती आलेला फोटो मूळचा कुठला, हे कसं शोधायचं.

पहिल्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या काकू बसायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला, त्याला वर्षं लोटली होती. पण हल्ली काकूंच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. अनोळखी नंबरवरून मुलाचे फोटो येत होते. 'आई, मी बरा आहे. शोधू नकोस.'

"बाई, यावरून तो कुठे आहे ते कळेल का?" काकूंनी मोबाईल पुढे केला. "जाणार नाही हो मी तिथे. नुसतं गाव कळलं तरी जीव भांड्यात पडेल."

बाईंनी शिकवलं तसं काकूंनी स्वतःच शोधलं. उत्तर लगेच आलं. वाचनालयाचाच अल्बम, वक्तृत्व स्पर्धा. मुलगा दारापाशी हसत उभा, शेजारी दोघे मित्र. काकूंकडे आलेल्या फोटोत मित्र कापलेले. दुसरा फोटोही तिथलाच.

बाईंना एकदम आठवलं. मध्यंतरी काकूंचे यजमान येऊन गेले होते. अल्बममधला फोटो मोबाईलवर कसा उतरवून घ्यायचा, कडा कशा कापायच्या, सगळं त्यांनी बाईंकडूनच शिकून घेतलं होतं. बापाला आठवण येत असेल, असं बाईंना तेव्हा वाटलं होतं.

"हा निळा शर्ट," काकू पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "बाही मीच आखूड केली होती. शर्ट तर घरी कपाटात आहे. मला कसं दिसलं नाही?" मग मान वळवून त्यांनी विचारलं, "हे आले होते ना इथे शिकायला?"

बाईंना खोटं बोलवेना. "हो."

"तरीच. दुसरं सिमकार्ड कशाला घेतलंत म्हटलं, तर अंगावर खेकसले."

एवढं बोलून त्यांचा बांध फुटला. बाकीची माणसं चपला घालून गुपचूप बाहेर गेली. बाई पाठीवर हात फिरवत राहिल्या.

"त्याचे आणखी फोटो आहेत का इथे?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

"एकच. सहलीचा."

"तो संपल्यावर हे काय करतील हो?"



न्यायला आलेल्या काकांनी दारातच विचारलं, "काय शिकलीस आज?"

"डोळे दुखले नुसते," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्यांनी त्या अनोळखी नंबरला पहिल्यांदाच उत्तर लिहिलं: 'बाळा, तू गेलास त्यात बाबांचा काही दोष नव्हता.'

बाहेरच्या खोलीत फोन वाजला.  मग तोंडात पंचा कोंबून रडणाऱ्या माणसाचा आवाज आला. काकूंनी गॅस बंद केला आणि त्या बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसल्या.