लाल किल्ल्यात घेतलेलं नाव

वनमाला सरपंच झाली, पण गावात कुणी 'सरपंच' अशी हाक मारली की वळून बघायचा तो तिचा नवरा, रामेश्वर. धर्मापुरीजवळच्या एका वाडीतलं हे जोडपं. बायकांसाठी जागा राखीव सुटली, रामेश्वरनं बायकोला उभं केलं आणि ती निवडून आली. ग्रामसभेत ती पदर सावरून खुर्चीवर बसायची आणि शेजारी उभा राहून तो बोलायचा. त्याला बोलायची हौस होती, तिला नव्हती, त्यामुळं दोघांचीही काही तक्रार नव्हती. काय करायचं ते घरी भाकरी थापता थापता बहुतेक वनमालाच ठरवायची. चार लोकांत ते सांगायचं काम त्याचं.

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या महिला सरपंचांचा दिल्लीला अभ्यास दौरा निघाला. ज्यांना नवरा बरोबर हवा त्यांनी आणावा, असं सांगण्यात आलं. वनमालानं काही म्हणायच्या आत रामेश्वरनं नवं जाकीट शिवायला टाकलं होतं आणि आपण दिल्लीला निघाल्याची बातमी परळीच्या बाजारात पोचवली होती.

दिल्लीत प्रशिक्षणाचा हॉल फक्त बायकांसाठी होता. नवरे बाहेर. रामेश्वरनं तिथल्या चहावाल्याशी मैत्री केली आणि त्याला मराठवाड्याचं सगळं राजकारण समजावून सांगितलं. चहावाल्याला मराठी येत नव्हती, पण तो मान हलवायचा.

शेवटचा दिवस बादशाही दिल्ली बघायचा होता. सकाळी कुतुबमिनार झाला. तिथल्या दगडी खांबांवर साखळ्या आणि घंटा कोरलेल्या होत्या. वनमालानं एका घंटेजवळ तोंड नेऊन बघितलं आणि शेजारच्या छबुबाईला हळूच म्हणाली, की असलीच नक्षी आमच्या धर्मापुरीच्या देवळात आहे, लहानपणी आम्ही तिथं लपाछपी खेळायचो. छबुबाई तेलगावकडच्या एका गावची सरपंच, आवाजानं खणखणीत. दौऱ्यात दोघींची चांगली गट्टी जमली होती. तिकडे रामेश्वर इतर बायकांना इतिहास सांगत होता. त्यात त्यानं कुठल्या राजाला कुठल्या शतकात नेऊन बसवलं ते त्यालाच ठाऊक. बरोबरचा गाईड बिचारा गप्प राहिला.

दुपारी लाल किल्ला. बसमधून उतरल्या उतरल्या रामेश्वरनं आपला मोबाईल वनमालाच्या हातात दिला आणि फोटो काढायला सांगितला. अख्खा दरवाजा यायला पाहिजे, वरचा झेंडाही यायला पाहिजे. वनमाला मागं मागं सरकत पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेली. फोटो निघाला. मोबाईल तिनं आपल्या पर्समध्ये टाकला आणि दोघं तपासणीच्या रांगेकडे गेले. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. बायकांची रांग लांबलचक होती.

वनमाला आत आली तेव्हा रामेश्वर दिसला नाही.

आधी तिला वाटलं, आतल्या छतवाल्या बाजारात कुठल्या तरी दुकानदाराशी बोलत उभा असेल. सगळी दुकानं बघितली. पुढं, पूर्वी नगारे वाजायचे त्या नौबतखान्यापाशी दौऱ्यातल्या बाकीच्या बायका थांबल्या होत्या, तिथंही नव्हता. तिनं फोन लावला, तर तो तिच्याच पर्समध्ये वाजला. दिल्लीसारखं गाव, माणूस कुठल्या दारानं बाहेर पडला तर शोधायचं कुठं? बस कुठं उभी आहे तेही त्याला नीट माहीत नसणार, कारण उतरताना तो बोलत होता.

छबुबाईनं तिचा हात धरला आणि जवळच्या चौकीवर नेलं. तिथं वर्दीतली एक बाई माईकपाशी बसली होती. तिनं हिंदीत विचारलं, दिसतो कसा? पांढरा पायजमा-शर्ट, टोपी, जाकीट. बाईनं समोरच्या हिरवळीकडे बोट केलं. महाराष्ट्रातून आलेल्या सहलींतले तसले कितीतरी लोक तिथं शेंगा खात बसले होते. फोटो आहे का? वनमालानं मघाचा फोटो दाखवला. त्यात अख्खा दरवाजा आला होता, झेंडाही आला होता, आणि खाली रामेश्वर तिळाएवढा दिसत होता.

नाव छबुबाईनं सांगितलं. वर्दीतल्या बाईनं हिंदीत पुकारा केला, पुन्हा एकदा केला. कुणी आलं नाही. मग ती म्हणाली, तुमच्या भाषेत तुम्हीच बोला, ओळखीचा आवाज कळेल त्यांना.

वनमालानं छबुबाईकडे बघितलं. छबुबाईनं मान हलवली. "माजा आवाज ते कावून वळखतील? तुमीच बोला."

आजवर वनमाला माईकवर बोलली नव्हती. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि घरी मारते तशीच हाक मारली, "अवो, ऐकलं का?"

हाक किल्लाभर घुमली आणि ती स्वतःच दचकली. हिरवळीवरच्या बऱ्याच टोप्या वर झाल्या. सांगलीकडचा एक म्हातारा तर लगबगीनं चौकीपर्यंत आला, वनमालाला बघून ओशाळला आणि आपली बायको शोधायला मागं फिरला.

छबुबाई म्हणाली, "असं न्हाई भागायचं. नाव घ्या."

नाव तिनं लग्नात घेतलं होतं, नंतर हळदीकुंकवाला उखाण्यात. एरवी कुठल्या ऑफिसात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती शेजारणीला सांगायला लावायची. सासूनं घालून दिलेली रीत होती आणि तिला ती कधी जाचली नव्हती. वर्दीतली बाई घाई करत होती. वनमालानं डोळे मिटले.

"रामेश्वरराव," ती म्हणाली. "मी वनमाला बोलायलेय. घाबरू नका. कुनालाबी इचारा, नगारे वाजवायची माडी कुठं हाय. तिच्या खाली मी हाय. तुमी येस्तोवर हितनं हलनार न्हाई."

बाईनं माईकसाठी हात पुढं केला. वनमालानं तो सोडला नाही.

"अन् तुमी आज बीपीची गोळी घेतली न्हाई. ती माज्याजवळच हाय."

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वनमालाला हसू आलं नाही. नौबतखान्याच्या कमानीखाली ती येणाऱ्या प्रत्येक टोपीकडे बघत उभी राहिली.

तो आला तो जवळजवळ पळतच, टोपी हातात घेऊन. वनमालानं त्याला कट्ट्यावर बसवलं, बाटली उघडून दिली, गोळी हातावर ठेवली. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं सांगितलं, की पुढं टोप्या दिसल्या म्हणून आपलीच माणसं समजून तो त्यांच्या मागं मागं गेला. पार पलीकडच्या बागेत पोचल्यावर कळलं की ती जळगावची सहल आहे.

"परळीत मला कोन वळखत न्हाई?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "हितं एक मानूस न्हाई. लई घाबरलतो." मग त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "माजं नाव घेतलंस तू."

"मग काय करनार," वनमाला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

उरलेला किल्ला त्यांनी सावकाश बघितला. दिवाण-ए-खासच्या संगमरवरात रंगीत दगडांची फुलं बसवलेली होती. वनमाला प्रत्येक खांबापाशी थांबून ती बघत होती आणि रामेश्वर तिच्याबरोबर थांबत होता. गाईडला पहिल्यांदाच सगळं सांगायला मिळालं. किल्ल्याला लागून पूर्वी यमुना वाहायची, असं तो म्हणाला. आता तिथून गाड्या धावत होत्या. रामेश्वर त्याला काहीतरी विचारायला पुढं निघाला, तेव्हा वनमालानं त्याच्या नव्या जाकिटाची कड धरली. त्यानं ती सोडवली नाही.

ते गावी पोचायच्या आधीच छबुबाईच्या फोनमुळं बातमी पोचली होती. लोक विचारायला आले. रामेश्वरला लाजायचं कारण वाटलं नाही. ओसरीवर बसून त्यानंच सगळं रंगवून सांगायला घेतलं. आपण बादशहाच्या बागेत एकटे कसे फिरत होतो आणि वनमालाचा आवाज पार जामा मशिदीपर्यंत कसा गेला, तेही सांगितलं. पण ती माईकवर नेमकं काय म्हणाली, तिथं आल्यावर तो थांबला आणि त्यानं आत हाक मारली, "ये गं भाईर. तूच सांग ह्यांना."

वनमाला चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. कप देऊन झाले तरी ती आत गेली नाही. खांबाला टेकून, जमलेल्या माणसांसमोर तिनं पहिल्यापासून सांगितलं. गोळीपाशी आल्यावर सगळे हसले, आणि ह्या वेळी तीही हसली.