तांब्याचं चाक आणि टॅन्सीची फॅट

टारानाकी या दूधदुभत्याच्या मुलखातल्या डेस क्रोझियरच्या गोठ्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गमबूट घातलेले शेतकरी माना वर करून छताला टांगलेल्या तांब्याच्या चाकाकडे बघत होते. लोण्याचा कारखाना तेव्हा दुधातली फक्त फॅट मोजून भाव द्यायचा, त्यामुळे या भागात माणसं भेटली की आधी फॅट विचारायची, तब्येत नंतर. आणि डेसच्या नुकत्याच व्यायलेल्या गायींची फॅट सारखी चढत होती.

"चाक चंद्राची लहर खेचतं, लहर कासेत उतरते," चाकवाला ऑर्विल टिप्ले सांगत होता. "पथ्य एकच. व्यायल्यावर खुराक बंद, गवतही बेतानं. भरल्या पोटात लहर शिरत नाही. हा गोडसर वास येतोय ना? तीच ती."

सगळ्यांनी भक्तिभावाने नाकं फुगवली. डेसची बायको ग्लेनिस मात्र मागच्या आवारात टॅन्सीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली ही गाय आता उठेना. नवरा ऐकत नव्हता, म्हणून तिने स्वतःच जनावरांच्या डॉक्टर लेनॉक्सना बोलावलं होतं.

लेनॉक्सनी गायीचं तोंड हुंगलं, शिरेतून साखरेचं पाणी सोडलं. मग थोडं दूध काढून एका पांढऱ्या भुकटीवर टाकलं. भुकटी जांभळी झाली. ती घेऊन ते तडक गर्दीत शिरले.

"डेस, अरे, व्यायलेली गाय दुधाला पुरेल इतकं खाऊच शकत नाही. त्यात तू खुराक तोडलास. मग ती अंगावरची चरबी वितळवते. ती दुधात उतरते, म्हणून फॅट चढते. उरलेली यकृतात साचते, रक्त बिघडतं. वास त्याचाच, रंगही त्याचाच. दूध किती आटलंय ते बघ की."

"दूध आटलंय, पण फॅट?" डेस म्हणाला.

"आणि जांभळा हा तर चंद्राचाच रंग," टिप्लेने हात जोडले. गर्दीत समाधानाची कुजबुज झाली.

"चाक काढा आणि गायी उपाशी ठेवा, फॅट तेवढीच चढेल," लेनॉक्स वैतागले. "चाक ठेवा आणि पोटभर घाला, फॅट खाली येईल. एका गायीवर तरी करून बघा."

कुणी पुढे आलं नाही. शेजारच्या गोठ्याचा मालक टिप्लेला चाक कधी बसवणार ते विचारू लागला.

दुपारी टॅन्सी गेली. ग्लेनिस रडली नाही, तिला भयंकर राग आला होता.

"फॅट तर वाढली होती तिची," डेस चाचरत म्हणाला.

"हो. तिच्याच अंगावरची होती ती."

चाक मात्र त्याने काढलं नाही. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या गोठ्यातून तोच गोडसर वास येऊ लागला. वाचकहो, काही फुकट वाढताना दिसलं, तर ते कुणाच्या अंगातून निघतंय एवढं तरी विचारा.