पाणी वर

कोबीचा मला आता इतका संताप येतो की दुकानात तो नुसता दिसला तरी मी मान फिरवतो. आणि तरी आणतो. मऊ शिजतो, गिळायला सोपा, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्यांना लिहायला काय जातंय?

बायकोला झटका येऊन सात आठवडे झाले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालते आणि बोलणं जवळजवळ गेलंच. जी बाई गळक्या नळाशीसुद्धा भांडायची, तिच्याकडे आता चार शब्द उरलेत. ‘अहो’, ‘नको’, ‘पाणी’ आणि ‘वर’. समजतं सगळं, पण बाकीचे शब्द दाराशी येऊन अडतात म्हणे. रोज उठून तिला धुवायचं, पुसायचं, चादर बदलायची, हाताचा व्यायाम, मग कपडे, मग भांडी, आणि हे सगळं उरकून कमरेचा काटा ढिला झाला की स्वयंपाक. माणूस थकतो हो. खोटं कशाला बोलू, एकदोनदा मी न्हाणीघरात नळ सोडून रडलोय.

गेल्या शुक्रवारी डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि चष्मा वर सरकवून म्हणाल्या, “काका, गिळता येतंय त्यांना. पण त्या खात नाहीयेत. पुढच्या शुक्रवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल.”

“नको,” बायको म्हणाली. रिक्षात बसेपर्यंत तेच. नको, नको, नको.

नको तर खा ना मग! पण नाही. माझ्या हातची भाजी दोन घास खायची आणि ओठ असे मिटायचे की चमचा आत जाणार नाही. बाहेरचा डबा लावून पाहिला, तर तिखटानं असा ठसका लागला की डॉक्टरांनी तो बंदच करायला लावला. लेक लांबच्या गावी, रोज फोन करते. “बाबा, जमतंय का? काही विचारायचंय का?” मी म्हणायचो, “न जमायला काय झालं? भाजी तर करायचीय.” विचारलं असतं तर माझं नाक कापलं गेलं नसतं. पण ताठा आडवा येतो, काय करता?

खरं तर बायको सांगत होती मला. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची, डावा हात शेगडीकडे करायची आणि म्हणायची, “पाणी... वर.”

आता माझी गंमत ऐका. मी एकतीस वर्षं बॉयलरवर काढली. कापड रंगवायच्या कारखान्यात आम्ही वाफ पुरवायचो. बॉयलरवाल्याचा धर्म एकच, आतलं पाणी खाली जाऊ द्यायचं नाही. गेलं तर बॉयलर फुटतो आणि माणसं भाजतात. काचेच्या नळीत पाणी किती आहे ते दिसतं. पाळी बदलताना येणारा पहिल्यांदा विचारतो, “पाणी वर?” जाणारा म्हणतो, “वर.” मगच चहा. घरी येऊन हे मी बायकोला इतक्यांदा ऐकवलंय की तिचे कान किटले असतील. त्यामुळे ती “पाणी वर” म्हणाली तेव्हा मला भरूनच आलं. सगळे शब्द विसरली, पण माझ्या कामाचे दोन ठेवले बिचारीनं!

मी कढईत पाणी वाढवलं. कोबी तरंगायला लागला. तिनं तोंड फिरवलं, पुन्हा तेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी आणखी वर नेलं. तिसऱ्या दिवशी तर कढई काठोकाठ. भाजी अशी झाली की कपडे धुतलेल्या पाण्यात आणि तिच्यात फरक फक्त मिठाचा. मी स्वतः ती नाक दाबून खाल्ली. तिला मात्र म्हणायचो, “अगं, छान झालीय.”

आज गुरुवार. उद्या काटा, एवढंच डोक्यात. कोबीला रामराम ठोकून फरसबी आणली, तासभर शिरा काढत बसलो, पाणी वर ठेवलं. वाडगा घेऊन तिच्यासमोर बसलो. तिनं चमच्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

माझं टाळकंच सरकलं. “पाणी वर, पाणी वर! किती वर? छतापर्यंत नेऊ? उद्या नळी घालतील ती चालेल, पण माझी भाजी नको! खा किंवा राहा उपाशी!”

सात आठवड्यांत इतका कधी ओरडलो नव्हतो. ती दचकली. मग तिनं डाव्या हातानं शेजारची रिकामी ताटली ओढली, वाडग्यावर झाकण घालावं तशी ठेवली, आणि प्यायच्या पाण्याचा पेला उचलून त्या ताटलीत ओतला. निम्मं पाणी टेबलावर, तिथून माझ्या मांडीवर.

“हे बरंय! अन्नावर पाणी ओतायचं आता?” म्हणत मी उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिलो. ओली विजार पायाला चिकटलेली. बाहेरून तिचा आवाज आला. ओरडून नाही, दमून. “अहो... पाणी. वर.”

ताटलीत पाणी. ताटली वर.

अरे गाढवा! ती पातळीबद्दल बोलतच नव्हती. झाकणाबद्दल बोलत होती. भाजीत पाणी घालायचंच नाही, झाकणावर घालायचं. वर गार पाणी, खाली वाफ, वाफ झाकणाला लागली की थेंब होऊन परत भाजीत. ह्याच कामाला आमच्या कारखान्यात अख्खी खोली होती आणि तिथं मी साहेबांच्या पाहुण्यांना ऐटीत समजावून सांगायचो. घरात रोज तेच चालायचं आणि मी एकदाही आत डोकावून पाहिलं नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, नुसता गिळत होतो. लाज वाटली, चांगलीच वाटली.

उरलेली फरसबी बारीक चिरली. थोड्या तेलात लसूण, त्यावर फरसबी, चिमूटभर मीठ, वर ताटली, ताटलीत पाणी, आच बारीक. तिला खुर्चीसकट दारात आणून बसवलं. मध्येच तळाला लागल्याचा वास आला म्हणून मी गार पाण्याचा तांब्या उचलला. “नको!” ती कडाडली आणि ताटलीकडे बोट केलं. तिच्यातलं पाणी एव्हाना चांगलं तापलं होतं. त्यातलंच दोन चमचे आत घातलं. बरं बाई, तू म्हणशील तसं.

झाकण काढलं तर फरसबी हिरवी होती. सात आठवड्यांत माझ्या कढईतून हिरवं काही निघालं नव्हतं. चमच्यानं चेचून मऊ केली आणि तिच्या तोंडाशी धरली. तिनं घास घेतला, बराच वेळ घोळवला, गिळला. आणि तोंड उघडलं. मग पुन्हा. वाडगा संपेपर्यंत मी चमचा भरत राहिलो.

एका वाडग्यानं उद्या काट्यावर काही फरक पडणार नाही, एवढं मलाही कळतं. मी तिचं तोंड पुसत होतो, तेवढ्यात तिच्या गळ्यात काहीतरी खडखडलं.

“उद्या,” ती म्हणाली. थांबली. घाम आला तिला. “उद्या... काय?”

चार शब्दांतला एकही नाही. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. लग्न झाल्यापासून रोज जेवणं झाली की ती हेच विचारायची, उद्या भाजी काय करू? आणि मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, “काहीही कर.” आत्ताही तेच ओठांवर आलं होतं. गिळलं मी ते.

“फरसबीच आणू?” मी विचारलं.

“नको.” ती शब्द शोधत राहिली. मी घाई केली नाही. “भो... भोपळा.”

भोपळा मला डोळ्यांसमोर नको असतो आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तोंडाची डावी बाजू हसत होती तिच्या.

“भोपळा तर भोपळा,” मी म्हणालो, आणि पिशवी शोधायला लागलो.